आईची मिसळ आणि कन्येचा 'गबाळा ज्यो'

गेल्या महिन्यातील एका रविवारी सकाळी आम्ही नानाखेड्याच्या आमच्या घरी अंगणात खुर्ची टाकून शाळेचे हजेरीपट ताळ्यास आणीत बसलो होतो. बसस्थानकाच्या बाजूने इंदूरच्या गाड्यांच्या वाहकांची आरोळी कानी येत होती, आणि सौभाग्यवती आत पोह्यांना फोडणी देत होत्या. अशा वेळी अमेरिकेतील ओहायो राज्यातून आमच्या कन्येचा दूरध्वनी आला. तिकडे शनिवारची रात्र होती. एरवी ती आईशी बोलते आणि आमच्या वाट्यास शेवटचे दोन मिनिटांचे कुशलप्रश्न येतात. त्या दिवशी मात्र तिने आम्हांसच बोलाविले आणि विचारले, "बाबा, आजीच्या मिसळीत काय काय असे हो?"

प्रश्नाचे कारण असे, की तिच्या शेजारच्या बाईंनी तिला 'स्लॉपी ज्यो' नावाचा एक अमेरिकन पदार्थ करून दाखविला होता. 'स्लॉपी' म्हणजे गबाळा, अजागळ. म्हणजे आपल्या बोलीत हा 'गबाळा ज्यो'! खिमा कांद्याबरोबर परतून टोमॅटोच्या आंबटगोड रश्शात शिजवावयाचा आणि गोल पाव मधोमध चिरून त्यात भरावयाचा. घास घेतला की निम्मे सारण बोटांवरून ताटात ओघळते. नाव पडले ते त्यावरूनच. हा ज्यो कोण, याविषयी तिकडे एकवाक्यता नाही. कोणी आयोवा राज्यातील सू सिटीचे नाव घेतात, तर कोणी हवाना आणि की वेस्ट येथील त्याच नावाच्या मद्यगृहांकडे बोट दाखवितात. थोडक्या खिम्यात कांदाटोमॅटो घालून तो पुष्कळांना पुरवावयाचा, ही गृहिणीची काटकसर त्याच्या मुळाशी आहे, हे मात्र खरे. १९६९ साली 'मॅनविच' नावाचा त्याचा तयार रस्सा डब्यात मिळू लागला आणि हा पदार्थ घरोघरी, शाळाशाळांतून पोहोचला. मूळ पदार्थ गोमांसाच्या खिम्याचा. आमच्या कन्येच्या घरी तो चालणे शक्यच नव्हते, म्हणून तिने त्यात अख्खी मसूर घातली. पहिला घास घेताच तिला वाटले, की ही तर आपल्या घरची मिसळच, फक्त वाटीतून उठून पावात जाऊन बसलेली! तेव्हा पुढल्या वेळी आजीचाच रस्सा करून पावात भरावा, असे तिच्या मनाने घेतले.

आम्ही मोठ्या उत्साहाने सांगू लागलो आणि तिसऱ्या वाक्याशी अडखळलो. मिसळीच्या वर काय काय असे, ते आम्हांस मुखोद्गत होते. आतल्या रश्शात काय असे, ते ठाऊक नव्हते. "विचारून कळवितो", असे म्हणून आम्ही दूरध्वनी ठेविला. पण विचारावयाचे कोणाला? आईला जाऊन सहा वर्षे झाली होती.

वर काय असे, ते आधी वाचकांस सांगतो. त्या वेळी आम्ही जुन्या उज्जैनमध्ये कार्तिक चौकाच्या बाजूस भाड्याच्या घरात राहत होतो. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली राजधानी ग्वाल्हेरीस नेली, तरी त्यांच्या मागे उज्जैनमध्ये राहून गेलेली मराठी घरे पुष्कळ. आमचे त्यांपैकीच एक. वडील शाळामास्तर, खाणारी तोंडे सात. आईच्या मिसळीत खाली आदल्या दिवशीच्या मोडाच्या मटकीची उसळ, तीवर मूठभर पोहे, त्यावर बारीक चिरलेला कांदा, वर शेव, आणि सर्वांत शेवटी जीरावनाची चिमूट. जीरावन हा माळव्याचा मसाला. आपल्या मुंबईपुण्याच्या वाचकांस तो परिचित नसेल, पण इंदूर-उज्जैनकडे त्यावाचून पोहे पुरे होत नाहीत. शेव रतलामची, लवंग-मिऱ्यांची. तिला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले; आम्ही मात्र ती कागदाच्या पुडीतून चोरून खात असू. लादीपाव त्या काळी आमच्या बाजूस मिळत नसे. म्हणून आई डबलरोटीचे काप लोखंडी तव्यावर थोड्या तुपात खरपूस करी. तेही नसले तर रात्रीची पोळी कुस्करून, फोडणीस घालून, तिच्यावर मिसळ वाढी. आजही आमच्या मते मिसळीखाली फोडणीच्या पोळीइतके शोभणारे दुसरे काही नाही.

ऋतूप्रमाणे मिसळीचे रूप पालटे. थंडीत माळव्यात ओला वाटाणा स्वस्त होई, तेव्हा मटकीची जागा तो घेई. पावसाळ्यात भुट्टे आले की आई त्यांचा कीस दुधात शिजवी, आणि उरलेला कीस दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या जागी मिसळीत जाई. श्रावणी सोमवारी तर मिसळीलाही उपवास घडे: खाली साबूदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी, त्यावर बटाट्याचा तळलेला कीस आणि दही. ती खाऊन आम्ही महाकालाची सवारी पाहावयास धावत असू. येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. उत्तरेकडील पंचांगाने श्रावण पौर्णिमेस संपतो, आपला अमावास्येस. पण महाकालाची सवारी उत्तरेचा श्रावण संपला म्हणून थांबत नाही. पुढल्या पंधरवड्यातही, म्हणजे त्यांच्या भाद्रपदात आणि आपल्या श्रावणात, ती निघते. दोन्ही पंचांगांच्या भक्तांची सोय देवाच्या दारी अशी लागलेली आहे. आमच्या घरी आई दोन्ही हिशेबांचे सोमवार धरी, आणि त्यामुळे ही उपवासाची मिसळ आम्हांस इतरांहून दोनतीनदा अधिक मिळे. बालवयातील आमची धर्मश्रद्धा बळकट असण्याचे हे एक कारण असावे.

आता जे सांगावयाचे, ते सांगणे जड जाते.

१९८० सालच्या सिंहस्थास पुण्याहून आमचे आतोबा सहकुटुंब आले. चैत्री पौर्णिमेपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत उज्जैनमध्ये यात्रेकरूंचा महापूर असतो, आणि त्या महिन्यात प्रत्येक मराठी घरी पाहुणे असतातच. आतोबा मोठे हौशी, खाण्याचे दर्दी आणि बोलण्यात हजरजबाबी. आम्ही अकरा वर्षांचे होतो. पुण्याहून आलेला मनुष्य आम्हांस सर्वज्ञ वाटे. रामघाटावरचे पहाटेचे स्नान आटोपून मंडळी घरी परतली, तेव्हा आईने सर्वांपुढे मिसळीच्या वाट्या ठेविल्या. पंधरावीस पाने होती. आतोबांनी एक घास घेतला, वाटीकडे निरखून पाहिले आणि मोठ्याने म्हणाले, "वहिनी, ही मिसळ म्हणायची की खीर?"

सगळे हसले. रस्सा खरोखरीच पांढुरका होता, आणि तिखट तर नावालाही नव्हते. पण सर्वांत मोठ्याने हसलो ते आम्ही. नुसते हसून थांबलो नाही, "आईची मिसळ नेहमीच खिरीसारखी असते!" अशी पुस्तीही जोडली. पुढे आतोबांनी पुण्याच्या मिसळीचे रसभरित वर्णन केले, कोल्हापूरच्या कटाचे केले, आणि समारोपादाखल "अस्सल मिसळ खायची तर आमच्याकडे या", असे आमंत्रण दिले. आई हातातील पातेले तसेच घेऊन आत गेली. पाहुणे आठ दिवस राहिले. त्या आठ दिवसांत न्याहारीस शिरा झाला, उपमा झाला, थालीपीठ झाले. मिसळ झाली नाही. त्यानंतर महाराष्ट्राकडचा कोणीही पाहुणा आला की न्याहारीस शिराच ठरलेला. घरच्या माणसांसाठीही ती मिसळ हळूहळू कमी झाली, आणि आम्ही शिकावयास परगावी गेलो तेव्हा तर बंदच पडली होती. आमच्या मुलीने ती आजीच्या हातची खाल्ली ती अगदी लहानपणी, तीनचार वेळा. नातीपुढे आजीचा निश्चय टिकला नसावा.

कन्येचा दूरध्वनी येऊन गेल्यावर आम्ही देवासला अक्काकडे गेलो. अक्का आमच्याहून सात वर्षांनी मोठी. आईच्या हाताखाली स्वयंपाकघर तिनेच सांभाळले. आम्ही रश्शाची कृती विचारली. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आज बरी आठवण झाली रे तुला त्या मिसळीची!"

अक्काने सांगितले ते असे. वडिलांना १९७८ पासून जठरव्रणाचा विकार होता. वैद्यांनी मिरची, चिंच, तळणे सारे वर्ज्य सांगितले होते. वडिलांना मिसळ अत्यंत प्रिय. मिसळ सोडावी लागणार, याचेच त्यांना आजारापेक्षा अधिक दुःख झाले. तेव्हा आईने मिरची काढून रश्शास खसखशीचे वाटण लाविले. मंदसौर-नीमचकडे अफूची शेती होते, म्हणून आमच्या बाजूस खसखस घरोघरी असते, आणि ती पोटास थंड, अशी जुन्या माणसांची समजूत. सुके खोबरे त्या मानाने महाग, म्हणून ते थोडके. चवीस बडीशेप. वडिलांनी आनंदाने खाल्ली. घरात दोन रस्से करणे परवडण्याजोगे नव्हते, म्हणून सर्वांचाच रस्सा पांढरा झाला.

"मग आईने आतोबांना तेव्हाच का नाही सांगितले?" आम्ही विचारले.

"आजी तेव्हा आतोबांकडे पुण्याला होती ना. भाऊंच्या दुखण्याची बातमी तिच्या कानी जाऊ नये, म्हणून भाऊंनीच शपथ घातली होती. सांगणार कशी?"

आम्ही निरुत्तर झालो. परंतु अक्काचे सांगणे संपले नव्हते. पाहुणे गेल्यावर आईने पुण्यास पत्र टाकून काळ्या मसाल्याची कृती मागविली. भाऊ शाळेत आणि आम्ही खेळावयास गेलो म्हणजे दुपारी ती तांबडाजर्द रस्सा करून पाही. तीनदा केला. एकदाही तिच्या मनासारखा उतरला नाही. घरात कोणास दाखवावयाचा नव्हता आणि टाकूनही देववत नव्हता, म्हणून तो सारा अक्काने खाल्ला. "माझे डोळे वाहायचे," अक्का म्हणाली, "आई म्हणायची, तिखटाने वाहतात. तिचेही वाहायचे. तिने तर खाल्लेला नसायचा."

आतोबांच्या बोलण्याचे आईस काही वाटले नव्हते, असेही अक्का म्हणाली. "पाहुणा मनुष्य, थट्टा करायचाच. तू हसलास ते तिला लागले." पंचेचाळीस वर्षांनंतर हे ऐकून आमच्या मनाची जी अवस्था झाली, ती येथे लिहीत नाही. आईची क्षमा मागण्याची वेळ केव्हाच टळून गेली आहे.

हसण्याची सवय आम्हांस पुढेही जडलीच. मराठी घेऊन एम. ए. झाल्यावर सुट्टीत घरी आलो, की आईची भाषा आम्ही दुरुस्त करीत असू. ती "भाजी बनवली" म्हणे; आम्ही म्हणत असू, "भाजी केली म्हणावे; बनवली हे हिंदी झाले." ती "अच्छा" म्हणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बनवीच. व्याकरणाच्या दृष्टीने आमचे म्हणणे चूक नव्हते. पण जिच्या भाजीवर आम्ही वाढलो, तिला क्रियापदाचा धडा देण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला होता, हे आम्ही कधी पाहिले नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही आतोबांच्या त्या 'अस्सल' शब्दाचा विचार करीत होतो. पुणेकर मिसळीत पोहे आणि बटाट्याची भाजी घालतात आणि तिला गोडसर ठेवतात. कोल्हापूरकर कटाच्या तिखटावर मिशीला पीळ देतात. नाशिककडे काळा मसाला लागतो. नागपूरकर पोह्यांवर हरभऱ्याची तर्री ओततात, आणि इंदूरकर तेच उसळपोहे म्हणून खातात. ठाण्याची प्रसिद्ध मिसळ मामलेदार कचेरीशेजारी वाढली म्हणून 'मामलेदार' झाली. २०१५ साली दादरच्या 'आस्वाद'मधील मिसळपावास लंडनच्या 'फूडी हब' पुरस्कारांत जगातील सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून गौरविण्यात आले, तेव्हा या सर्व गावांना एकाच वेळी अभिमान वाटला आणि एकाच वेळी वाटले, की मान खरा आमच्या मिसळीचा होता! यांतील अस्सल कोणती? 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांचा, 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. बटाटा, टोमॅटो आणि ज्या मिरचीच्या जोरावर आतोबांनी आईस हिणविले ती मिरची, ही तिन्ही मुळात अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकापासून इकडे येऊ लागली. त्या हिशेबाने पाहता आईच्या वाटीतील मटकी, खसखस आणि बडीशेप ही आतोबांच्या मिरचीहून या भूमीवर अधिक जुनी. आणि आमची कन्या ओहायोत मिसळ करते, तेव्हा मिरची-टोमॅटो आपल्या माहेरी परततात, एवढेच! पदार्थाच्या नावातच 'मिसळणे' आहे. आतोबांना ते ठाऊक नव्हते असे नाही, आम्हांस तर असावयासच हवे होते.

असो. आता कृती. अक्काने ती मुठीच्या आणि चिमटीच्या मापाने सांगितली. सौभाग्यवतींनी वाटी-चमच्याने मोजून घेतली. चार माणसांस पुरेल.

एक वाटी मटकी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत व बोटचेपी शिजवावी. दोन मोठे चमचे खसखस कोमट पाण्यात दोन तास भिजत घालावी. अर्धा चमचा बडीशेप, एक चमचा धने व अर्धा चमचा जिरे कोरडे भाजावेत. दोन चमचे किसलेले सुके खोबरे निराळे, बदामी होईतो भाजावे. हे सारे खसखशीबरोबर अगदी गंधासारखे वाटावे. येथे आळस केल्यास रस्सा रवाळ होतो. तेलात मोहरी, हिंग, हळद आणि एक बारीक चिरलेला कांदा परतून, किसलेले आले घालावे. मग वाटण घालून मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतावे. त्यात मटकी तिच्या पाण्यासह घालावी, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून दहा मिनिटे उकळू द्यावी. लिंबू ज्याचे त्याने पिळावे. तिखट हवे असणाऱ्यांनी फोडणीत लाल तिखट घालून तेल निराळ्या वाटीत ठेवावे आणि वरून घ्यावे. म्हणजे एकाच पातेल्यात आजारी आणि धडधाकट दोघांचीही सोय होते. आईस ही युक्ती सुचली नाही, कारण तेल दोनदा वापरण्याची चैन तिला नव्हती.

पावात भरावयाची असल्यास कन्येने अनुभवाने दोन सूचना केल्या आहेत. रस्सा डावावर ठरेल इतका आटवावा, नाहीतर पाव भिजून त्याचा लगदा होतो. आणि पावाच्या आतील बाजू लोणी लावून तव्यावर कडक करून घ्याव्यात. मटकी नसल्यास अख्खी मसूर चालते. शेव अगदी शेवटी, खाणाऱ्याच्या हाताने. एवढे करूनही सारण बोटांवरून ओघळतेच. ते ओघळू द्यावे, पदार्थाचे नावच तसे आहे.

पुढल्या रविवारी आमच्या घरी ही मिसळ झाली. अक्कास देवासहून मुद्दाम बोलाविले होते. तिने एक घास घेतला आणि म्हणाली, "बडीशेप थोडी जास्त झाली." दुसरा घेतला आणि काही म्हणाली नाही. वाटी मात्र तिने पुन्हा पुढे केली. इकडे कन्येने तिच्या पांढऱ्या 'गबाळ्या ज्यो'चे छायाचित्र पाठविले. शेजारच्या बाईंनी तिला विचारले म्हणे, की हा इतका पांढरा का? तिने त्यांना आपल्या आजोबांच्या पोटाची सारी कथा सांगितली. बाईंनी ती लक्ष देऊन ऐकली आणि दुसरा पाव मागून घेतला.

वाचकहो, आपणांपैकी कोणी बडोद्यास असाल, कोणी हैदराबादेस, कोणी ग्वाल्हेरीस, कोणी सातासमुद्रांपलीकडे. प्रत्येक घरी असा एखादा पदार्थ असेल, जो पाहुण्यांपुढे ठेवावयास घरची बाई संकोचते. तो तसा का झाला, हे तिला ती आहे तोवर विचारून घ्यावे आणि कृतीच्या बाजूस ते कारणही लिहून ठेवावे. लिहून झाल्यावर आम्हांसही कळवावे. या सदरातून आम्ही ते आनंदाने देऊ. अट एकच: कृतीच्या मथळ्यात 'अस्सल' हा शब्द नसावा.